त्या परीक्षेत मागे जाता येत नव्हतं

निवृत्त झाल्यापासून कुणी नोकरीच्या आठवणी विचारल्या की मी खंडेनवमीचा किस्सा सांगतो. तो सांगून झाला की लोक हसतात आणि मग हमखास विचारतात, "पण चादरीच्या कारखान्यातला वायरमन बँकेच्या कॉम्प्युटरच्या लाईनीत आला कसा?" मी म्हणतो, "एक परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळालं." आणि चहाचं विचारायला आत जातो. इतकी वर्षं मी असाच आत जात आलोय. या अंकासाठी लेख मागितला तेव्हाही आधी खंडेनवमीच लिहून दिली होती. ती परत मागवून घेतली. ती गोष्ट याही लेखात येईल, पण तिच्या आधीचं लिहायचं आहे. राजेशम गेला. आता हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

राजेशम आणि मी सोलापुरात एकाच कारखान्यात होतो. मी विजेच्या खात्यात. मशीनच्या मोटारी, दिवे आणि ऑफिसातले टेलिफोन माझ्याकडे. तो जेकार्डच्या खात्यात पुठ्ठे पाडायचा. चादरीवर मोर किंवा गुलाब उमटतो तो या पुठ्ठ्यांमुळे. प्रत्येक पुठ्ठ्याला भोकं असतात. जिथं भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला खाली राहतो. असे ढिगानं पुठ्ठे एकमेकांना दोऱ्यानं शिवून त्यांची माळ मागावर टांगतात. माळेची दोन्ही टोकं जोडलेली असतात, त्यामुळे ती फिरत राहते. मोर संपला की पुन्हा पहिला पुठ्ठा येतो आणि दुसरा मोर सुरू होतो. माग चालू असताना एखादं भोक चुकलेलं दिसलं तर राजेशम माग थांबवायचा नाही. त्या पुठ्ठ्याला लाल दोरा बांधायचा आणि जाऊ द्यायचा. माळ फिरून आली की दुरुस्त करायचा.

त्याच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड. आम्ही दोघं भांडायचो मराठीत.

कारखाना बंद पडला तेव्हा दोघंही पंचेचाळिशीच्या आसपास होतो. या वयात दुसरीकडे कोण घेतं? काहीजण भिवंडीला गेले, काहींनी रिक्षा घेतली. मी घरोघरी फिटिंगची कामं करत होतो. एक दिवस राजेशम आला आणि म्हणाला, "काय बे सिद्राम, भवानी पेठेत कॉम्प्युटरचा क्लास निघालाय. वायरींचा कोर्स हाय म्हणं. तुझंच काम की."

तो कोर्स होता नेटवर्किंगचा. म्हणजे एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम. त्याचं सर्टिफिकेट परदेशातली एक कंपनी देते, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. वय विचारत नाहीत, मार्कशीट विचारत नाहीत. त्यांची परीक्षा पास व्हायची, बस. आमच्यासारख्यांना हे ऐकून काय वाटलं असेल, ते आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की तुला काय येतं तेवढंच दाखव.

क्लास एका कापडाच्या दुकानावर होता. सकाळची पहिली बॅच आमची. कांबळे मॅडम शिकवायच्या. वयानं आमच्या मुलीसारख्या. बोलणं स्पष्ट, हातात कायम पक्कड. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, मी स्वतः ही परीक्षा दिलेली नाही. पुस्तकात आहे ते सगळं शिकवीन. परीक्षेतलं तुम्ही देऊन आलात की मला शिकवा." बाकीची पोरं कॉलेजची होती. आम्हाला बघून सुरुवातीला त्यांना वाटलं की आम्ही कुणाची तरी फी भरायला आलोय.

मला केबल जोडायला जड गेलं नाही. जड गेला तो पत्ता. नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्या आकड्यातला काही भाग गल्लीचा असतो आणि उरलेला घराचा. कुठपर्यंत गल्ली आणि कुठून घर, हे सांगायला दुसरा एक आकडा असतो, त्याला मास्क म्हणतात. मॅडमनी फळ्यावर चार वेळा समजावलं. मी चार वेळा मान हलवली. बाहेर आल्यावर राजेशम म्हणाला, "मान कशाला हलवतोस, तुला घंटा कळलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तो घरून एक जुना पुठ्ठा घेऊन आला. वहीच्या पानावर शून्य आणि एक असा पत्ता लिहिला आणि पुठ्ठा वर ठेवला. "भोकातून दिसतंय ती गल्ली. पुठ्ठ्याखाली झाकलंय ते घर. झालं की." नंतर नोकरीत मी हजारो पत्ते वाटले असतील. एकही वाटताना तो पुठ्ठा डोळ्यासमोर आला नाही, असं झालं नाही.

ते दिवस मला फार आठवतात. क्लासनंतर आम्ही शेजारच्या बोळात कट्ट्यावर बसून डबा खायचो. त्याच्याकडे भात, माझ्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आजूबाजूच्या घरांतून मागांचा खडखडाट यायचा. तो आवाज ऐकून राजेशम सांगायचा, ह्या मागाचा पट्टा सैल झालाय. मग आम्ही एकमेकांना प्रश्न विचारायचो. मी चुकलो की तो चटणीतला वाटा काढून घ्यायचा. त्या वयात शिकायला बसलेल्या माणसाला जो आनंद होतो, तसा मला नंतर पगाराच्या दिवशीही झाला नाही.

त्याच सुमारास एका सहकारी बँकेनं शाखा एकमेकांना जोडायचं ठरवलं. मोहोळ, नातेपुते, अक्कलकोट, सगळीकडे लाईन जाणार होती. कारखान्यातले आमचे जुने साहेब त्या बँकेत ओळखीचे होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "एकच जागा आहे. दिवाळीपर्यंत सर्टिफिकेट घेऊन या. दोघांनी आणलं तर बँक मुलाखत घेऊन ठरवेल." बाहेर आल्यावर राजेशम म्हणाला, "ज्याला लागेल त्याला लागेल. दुसऱ्यानं तोंड वाकडं करायचं न्हाय." मी म्हणालो, "न्हाय करायचं." मुलाखत झाली असती तर कुणाला घेतलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

परीक्षा पुण्याला असायची. फी डॉलरमध्ये. राजेशमची फी पद्मावहिनींनी, त्याच्या बायकोनं, विड्या वळून साठवलेल्या पैशांतून भरली. पुन्हा फी भरायची वेळ आली तर ती भरता येणार नव्हती, हे त्या घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे राजेशमच म्हणाला, "तू आधी जा. बघून ये काय असतंय ते. मला येऊन सांग, मग मी जातो." असं ठरलं. माझ्यावर तेवढंच एक काम टाकलं होतं.

पुण्यात एका इमारतीत थंड खोली होती. कॉम्प्युटरसमोर एकेकट्यानं बसायचं. सुरुवातीला कसं वागायचं ते सांगणारी पानं स्क्रीनवर येतात. इंग्रजी बारीक अक्षर, मी ती भराभर पुढे ढकलली. पहिले काही प्रश्न सोपे गेले. मग एक अवघड आला. क्लासमधल्या सरावाच्या सीडीवर मागे जायचं बटण होतं. आम्ही दोघंही तसाच सराव केला होता: सोपं आधी मारायचं, अवघडाला तात्पुरतं काहीतरी उत्तर देऊन पुढे जायचं आणि शेवटी फिरून यायचं. शाळेपासून हेच शिकवलेलं. मी तात्पुरतं काहीतरी दाबून पुढे गेलो. दुसऱ्या अवघड प्रश्नालाही तेच केलं. मग पहिल्याचं उत्तर एकदम आठवलं, म्हणून मागे जायला बटण शोधलं. नव्हतं. सगळ्या कोपऱ्यांत बघितलं. फक्त पुढे जायचं बटण होतं. त्या परीक्षेत एकदा गेलेला प्रश्न परत येत नाही.

पण वेळेवर कळलं. पुढचा प्रत्येक प्रश्न मी तिथंच बसून सोडवला. पास झालो, काठावर.

परतीच्या गाडीत मी राजेशमला काय काय सांगायचं ते मनात लावत होतो. सगळ्यात आधी तेच, मागे जाता येत नाही. इंदापूर गेलं, टेंभुर्णी गेलं. हातात पास झाल्याचा कागद होता. बँकेच्या टेबलापाशी मी बसलोय असं दिसायला लागलं. मग त्याच टेबलापाशी राजेशम दिसायला लागला. मोहोळला गाडी थांबली, मी चहा प्यायलो. त्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं, हे म्हणणंही खोटं होईल. मी ते ठरवलं नाही. फक्त मनातल्या मनात ते वाक्य म्हणायचं थांबलो.

राजेशम स्टँडवर उभा होता. कागद बघून त्यानं मला तिथंच मिठी मारली. "कसा असतोय पेपर?"

मी म्हणालो, "सही घेतलीय. प्रश्न बाहेर सांगायचे न्हाईत."

"प्रश्न नको बे. प्रश्न माझे मी बघतो. रीत सांग. पेपराची रीत."

"रीत आपल्या सीडीसारखीच."

तो चालता चालता म्हणाला, "म्हणजे सोपं आधी मारतो. अवघडाला लाल दोरा बांधून पुढं. माळ फिरून येतीच की."

मी म्हणालो, "व्हय. तसंच कर."

हे तीन शब्द. गप्प बसलो असतो तरी आज लिहायला थोडं सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात तो पुण्याला गेला. तिथं काय झालं ते त्यानं कट्ट्यावर बसून सांगितलं, हसत हसत. अवघड दिसेल त्याला हाताला येईल ते उत्तर देऊन तो पुढे जात राहिला. अर्ध्याच वेळात शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला. आता निवांत फिरून सगळे बघू, म्हणून त्यानं हात चोळले, पाणी मागितलं. शेवटचं बटण दाबलं तर समोर निकाल.

"अर्धा वेळ उरला होता रे," तो म्हणाला. "मी तसाच बसून राहिलो. तिथली पोरगी म्हणाली, सर, झालंय तुमचं."

मग म्हणाला, "तुला बी असंच झालं का?"

मी म्हणालो, "मी एकेक करत गेलो. मला मागं जायची गरजच पडली न्हाय."

"मग तुला कसं कळणार," असं म्हणून त्यानं माझ्याच पाठीवर हात ठेवला. "माझंच चुकलं. आधीची पानं वाचायला पाहिजे होती."

कांबळे मॅडमनी मात्र मला जिन्यात गाठलं. "काका, तुमच्या पेपरात मागचं बटण होतं का?" मी म्हणालो, लक्षात नाही. त्या म्हणाल्या, "एवढा वेळ पेपर दिलात आणि लक्षात नाही?" मी चप्पल घालायला लागलो. त्यानंतर प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी त्या मागे जाता येत नाही ही गोष्ट सांगायच्या, असं ऐकलं. पहिला पास झालेला म्हणून क्लासनं माझा सत्कार केला. हार घालायला मालक आले, मॅडम आत लॅबमध्ये केबल कापत बसल्या होत्या.

नोकरी मला लागली. राजेशमनं तोंड वाकडं केलं नाही. पेढे घेऊन गेलो तर वहिनींना म्हणाला, "बघ, आपला पुठ्ठा बँकेत लागला." थोड्या दिवसांनी तो भिवंडीला गेला, पॉवरलूमवर. ज्याला पुठ्ठे पाडायचं कसब होतं, तो तिथं नुसते माग चालवत राहिला.

नोकरी मी मन लावून केली, हे सांगायला हरकत नाही. आमचं काम बाहेरच्याला दिसत नाही. लाईन चालू असली की तुम्ही कुणी नसता, बंद पडली की चोर असता. मोहोळच्या शाखेत रोज दुपारी लाईन जायची. लाईन देणाऱ्या कंपनीचे लोक येऊन गेले, सगळं बदललं, तरी दुपारी बंदच. मी जाऊन दिवसभर नुसता कोपऱ्यात बसलो. जेवणाच्या सुट्टीत शिपाईमामा आले, सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याची, म्हणजे स्विचची, पिन काढली आणि तिथं कूलरची लावली. मी विचारलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "जेवताना कुणाला कॉम्प्युटर लागतोय का? जरा गार तर बसू द्या की माणसांना."

आणि ती खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. सुतार रंध्याची, दुकानदार तराजूची. दसऱ्याची सुट्टी संपून बँक उघडली तर नातेपुत्याची लाईन ठार बंद. गेलो. राउटरला झेंडूचा हार, कपाळ समजून पुढच्या बाजूला हळदकुंकू, ते सगळं भोकांत गेलेलं. शिवाय पूजेआधी शिपायानं सगळ्या वायरी काढून ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या आणि परत लावताना रंग बघून लावल्या होत्या. पिवळी पिवळीशेजारी, निळी निळीशेजारी. मी डोक्याला हात लावला. तो म्हणाला, "साहेब, वर्षभर राबतंय बिचारं. त्याला नको का मान? आणि बघा की, आधी कसं गचाळ दिसत होतं."

मी ब्रशनं कुंकू काढलं आणि एकेक वायर हातात धरून शेवटापासून मागे मागे गेलो. आमच्या धंद्यात बिघाड असाच सापडतो. काम बंद पडलंय तिथून निघायचं आणि जिथपर्यंत नीट चालू आहे तिथपर्यंत मागे जायचं. पुन्हा जायचं. कितीही वेळा जाता येतं. त्या दिवशी नातेपुत्यात फरशीवर गुडघे टेकून मी हे करत होतो आणि एकदम हात थांबले. सगळी नोकरी मागे जाण्याची होती. फक्त ती मिळवायच्या परीक्षेत मागे जाता येत नव्हतं. शिपायाला वाटलं, साहेबांना काही चावलं.

भिवंडीहून राजेशम सणाला यायचा. भेटायचा, हसायचा. दर वेळी मी आज सांगू म्हणायचो. एकदा तर त्याची दुसऱ्यांदा फी मी भरतो म्हणालो. तो म्हणाला, "आता कुठं बे. डोळे गेले. आणि तू आहेस की त्या लाईनीत. आपल्यातला एक गेला म्हणजे झालं." मी ते पैसे घेऊन घरी आलो. त्या पैशांचं मला नंतर काही घ्यावंसं वाटलं नाही, पण ते कशात तरी खर्च झालेच.

तो कायमचा सोलापूरला परत आला तेव्हा दम लागायला लागला होता. आयुष्यभराची कापसाची धूळ. गेल्या वर्षी कळलं की आता फारसं बाहेर येत नाही. मी रिक्षा केली. वाटेत वाक्य पाठ करत होतो, शाळेतल्या पोरासारखं: राजेशम, तू रीत विचारली होतीस तेव्हा मला माहीत होतं. मला माफ कर. एवढंच. रिक्षावाला आरशातून बघत होता, बहुतेक माझे ओठ हलत होते.

दारात पाय ठेवला तर तो खाटेवरून म्हणाला, "आला बघ इंजिनेर. लई वेळेवर आलास. दोन दिवस नेट न्हाय. नातीचा अभ्यास अडलाय."

कोपऱ्यात छोटा राउटर होता. मी खाली बसलो, सवयीनं शेवटापासून मागे वायर बघत गेलो. खिडकीपाशी पिन ढिली झाली होती. वहिनी चहा ठेवत होत्या. त्यांना राजेशम सांगत होता, मी ऐकतोय की नाही याची पर्वा न करता, "हा आणि मी एकाच कट्ट्यावर बसून शिकलो. बँकेची सगळी लाईन ह्यानं चालवली. माझा पेपर तेवढा गेला. ते मागं जायचं बटणच नव्हतं त्याच्यात."

वहिनी म्हणाल्या, "किती वेळा सांगाल तेच."

"ह्याला बी ठाऊक नव्हतं गं," राजेशम म्हणाला. "ठाऊक असतं तर मला सांगितलं नसतं का ह्यानं?"

मग तो बोलायचा थांबला. मी मान वळवली तर तो माझ्याकडेच बघत होता. राग नव्हता. तो वहिनींना सांगत होता की मला विचारत होता, हे मला आजही कळलेलं नाही. त्याला दम लागला होता, तरी तो वाट बघत थांबला होता. रिक्षातलं वाक्य माझ्या तोंडात आलेलं होतं.

मी म्हणालो, "पिन ढिली होती. आता घट्ट बसवलीय."